समजून घ्या : हृदयाच्या तपासणीतल्या ‘होमोसिस्टीन’चा परळच्या गिरणगावाशी काय संबंध? कोण होत्या डॉ. लुसी विल्स?

हेल्थ चेकअपच्या रिपोर्टमध्ये हल्ली कोलेस्टेरॉल, साखर, थायरॉइड यांच्या खाली आणखी एक नाव दिसते. ते म्हणजे होमोसिस्टीन. समोरचा आकडा १५ च्या वर गेला की तो ठळक अक्षरात छापून येतो. मोबाइलवर शोधले की हार्ट अटॅकचा धोका असे शब्द दिसतात आणि घाबरलेला माणूस थेट मेडिकलमध्ये जाऊन व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन येतो. हा आकडा खाली आणणाऱ्या प्रमुख जीवनसत्त्वांपैकी एक आहे फोलिक अॅसिड. त्याचा पहिला माग लागला तो मुंबईत, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, गरीब गर्भवती महिलांवर उपचार करताना. तो माग काढणाऱ्या डॉक्टर होत्या लुसी विल्स. त्यांचे आयुष्य आणि त्यांच्या शोधाचा आजच्या हृदयविकाराच्या चर्चेशी असलेला संबंध समजून घेऊ या.

लुसी विल्स कोण होत्या?

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड येथे झाला. घरचा व्यवसाय कोयते, विळे अशी धारदार अवजारे बनवण्याचा. वडील विज्ञानाचे पदवीधर होते, तर आईचे वडील बर्मिंगहॅममधील नावाजलेले डॉक्टर. त्यामुळे घरात विज्ञानाची आवड पिढ्यान् पिढ्या होती. शालेय शिक्षण चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये झाल्यावर १९०७ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. विषय होते वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र.

१९११ मध्ये त्यांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला, मात्र पदवी मिळाली नाही. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ महिलांना परीक्षा देऊ देत असे, पण पदवी देत नसे. हा नियम बदलायला १९४८ साल उजाडावे लागले.

त्या डॉक्टर कशा झाल्या?

१९११ मध्येच त्यांचे वडील गेले आणि दोन वर्षांनी मोठी बहीण एडिथ अवघ्या २६ व्या वर्षी गेली. त्यानंतर लुसी आईसोबत श्रीलंकेला आणि १९१४ मध्ये भावासोबत दक्षिण आफ्रिकेला गेल्या. तिथे असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि केपटाऊनमध्ये काही आठवडे त्यांनी स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केले.

इंग्लंडला परतल्यावर जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत नाव घातले. ब्रिटनमध्ये महिलांना डॉक्टरकीचे शिक्षण देणारी ही पहिली संस्था. महाराष्ट्राच्या डॉ. रखमाबाई याच संस्थेत शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या होत्या. लुसी १९२० मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी डॉक्टर झाल्या. मात्र दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी संशोधनाची वाट धरली. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये त्या गर्भारपणात शरीरात होणाऱ्या बदलांचा अभ्यास करू लागल्या.

त्या मुंबईत का आल्या?

१९२० च्या दशकात मुंबईतील डॉक्टरांना एक प्रश्न सतावत होता. गर्भवती महिलांमध्ये, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब महिलांमध्ये, तीव्र रक्तक्षय दिसत होता. अनेकींचा त्यात बाळंतपणाच्या आसपास मृत्यू होत होता. भारतात दीर्घकाळ काम केलेल्या स्कॉटिश डॉक्टर मार्गारेट बालफोर यांनी माता मृत्यूंच्या चौकशीच्या कामासाठी लुसी यांना बोलावून घेतले. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या या कामाचे केंद्र होते परळची हाफकिन इन्स्टिट्यूट.

लुसी १९२८ मध्ये भारतात आल्या. ते वर्ष गिरणगावासाठी मोठे हलाखीचे होते. त्याच वर्षी गिरणी कामगारांचा सुमारे सहा महिने चाललेला संप झाला. हाफकिनच्या आसपास गिरण्या आणि चाळी होत्या. म्हणजे ज्या बायकांच्या आजाराचा शोध घ्यायचा, त्या प्रयोगशाळेपासून फार लांब नव्हत्या.

हा रक्तक्षय वेगळा कसा होता?

नेहमीच्या लोहाच्या कमतरतेत लाल रक्तपेशी लहान आणि फिकट होतात. या महिलांमध्ये उलट होते. पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत्या. याला मॅक्रोसायटिक अॅनिमिया म्हणतात. असेच चित्र पर्निशस अॅनिमिया या तेव्हाच्या जीवघेण्या आजारात दिसे. या आजारावर प्राण्यांचे यकृत खायला देण्याचा उपाय अमेरिकेत १९२६ मध्ये सापडला होता आणि त्यासाठी १९३४ मध्ये नोबेल पुरस्कारही दिला गेला. त्यामुळे मुंबईतील आजार हा त्याचाच प्रकार असावा, असा समज होता.

लुसी यांनी हा समज गृहीत धरला नाही. आधी त्यांनी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. त्यातून ठोस काही हाती लागले नाही. मग त्या रुग्णांच्या ताटाकडे वळल्या. एस. एन. तळपदे यांच्यासोबत त्यांनी मुंबईतील वेगवेगळ्या थरांतील महिलांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली. चित्र स्पष्ट होते. ज्यांच्या आहारात सर्वाधिक त्रुटी होत्या, त्या गरीब मुस्लिम महिलांमध्ये हा रक्तक्षय सर्वाधिक होता. जंतू नव्हे, तर अन्नातली कुठली तरी उणीव आजाराच्या मुळाशी असावी, असे दिसू लागले.

उंदरांच्या प्रयोगात गडबड कुठे झाली?

१९२९ च्या उन्हाळ्यात लुसी निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. आहारशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅककॅरिसन तिथे काम करत होते. तेथे गर्भवती उंदरांना मुंबईतील रुग्ण महिलांसारखाच आहार देण्यात आला. उंदरांना रक्तक्षय झाला. आहारात यीस्ट मिसळल्यावर तो टळला. प्रश्न सुटला, असे वाटण्यासारखीच ही स्थिती होती.

मात्र नंतर लक्षात आले की, उंदरांच्या रक्तक्षयामागे उवांतून पसरणाऱ्या बार्टोनेला या जंतूचा हात होता. म्हणजे प्रयोगाचा पायाच डळमळीत निघाला. तरीही यीस्टचा धागा लुसी यांनी सोडला नाही. पुढे हे काम माकडांवर नव्याने करण्यात आले आणि तिथे यीस्टचा परिणाम पुन्हा दिसला. आजारी माकडाला मार्माइट दिल्यावर ते झपाट्याने सुधारले, असे सांगितले जाते.

मार्माइटने काय साधले?

मार्माइट हा बीअर बनवताना उरणाऱ्या यीस्टपासून तयार होणारा काळसर, घट्ट, खारट पदार्थ. ब्रिटनमध्ये तो पावाला लावून खातात. यीस्टच्या अर्काचा तो सर्वांत स्वस्त स्रोत होता. लुसी यांनी तो रक्तक्षय झालेल्या महिलांना दिला. काही दिवसांतच रक्तात नव्या लाल पेशी तयार होऊ लागल्या, भूक परतली आणि रुग्ण सावरू लागल्या. जून १९३१ मध्ये हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले.

पुढच्या कामात आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. पर्निशस अॅनिमियावर चालणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या महिलांवर चालत नव्हता. कमी शुद्ध केलेला, कच्चा अर्क मात्र चालत होता. याचा अर्थ यकृतात आणि यीस्टमध्ये असा एक वेगळा घटक होता, जो शुद्धीकरणात निघून जात होता. हे दोन वेगळे आजार होते आणि त्यांची औषधेही वेगळी होती. या अनोळखी घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ असे नाव पडले.

‘विल्स फॅक्टर’चे फोलिक अॅसिड कसे झाले?

१९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी सुमारे चार टन पालकातून एक पदार्थ वेगळा केला आणि त्याला फोलिक अॅसिड असे नाव दिले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते नाव आले. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने ते कृत्रिमरीत्या तयार केले. त्यानंतर विल्स फॅक्टर म्हणजे फोलेटच, हे स्पष्ट झाले. यकृताच्या शुद्ध अर्कातील दुसरा घटक १९४८ मध्ये वेगळा करण्यात आला. तो म्हणजे जीवनसत्त्व बी-१२. ही दोन जीवनसत्त्वे आणि त्यांचे नाते लक्षात ठेवायला हवे, कारण होमोसिस्टीनची गोष्ट इथूनच सुरू होते.

होमोसिस्टीन म्हणजे काय?

आपण खातो त्या प्रथिनांत मेथिओनिन नावाचे अमिनो आम्ल असते. शरीर ते वापरते तेव्हा मधल्या टप्प्यावर होमोसिस्टीन तयार होते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट दु विग्नो यांनी १९३२ मध्ये, म्हणजे लुसी भारतात काम करत असतानाच, ते शोधून काढले. पण या दोन कामांचा एकमेकांशी संबंध आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

होमोसिस्टीनपुढे दोन मुख्य रस्ते असतात. एक रस्ता त्याचे पुन्हा मेथिओनिन करतो. त्यासाठी फोलेट आणि बी-१२ दोन्ही लागतात. दुसरा रस्ता त्याचे सिस्टीन करतो आणि त्यासाठी बी-६ लागते. यातले एखादे जीवनसत्त्व कमी पडले की रस्ता तुंबतो आणि होमोसिस्टीन रक्तात साचते. मूत्रपिंडाचे काम मंदावले किंवा थायरॉइड कमी असेल, तरीही ते वाढू शकते. साधारण ५ ते १५ मायक्रोमोल प्रतिलिटर ही पातळी सामान्य मानली जाते.

हृदयविकाराशी संबंध कसा जोडला गेला?

१९६२ मध्ये लघवीतून होमोसिस्टीन जाणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराची नोंद झाली. या मुलांच्या रक्तात होमोसिस्टीन प्रचंड असे आणि कोवळ्या वयात रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत. १९६९ मध्ये हार्वर्डमधील पॅथॉलॉजिस्ट किल्मर मॅककली यांनी अशा मुलांच्या रक्तवाहिन्या तपासल्या. बिघाड वेगवेगळ्या ठिकाणी असूनही होमोसिस्टीन वाढलेले असेल तर रक्तवाहिन्या सारख्याच खराब होतात, असे त्यांना दिसले. मग सामान्य माणसातही थोडे वाढलेले होमोसिस्टीन हृदयाला घातक असेल का, हा प्रश्न त्यांनी मांडला. तो काळ कोलेस्टेरॉलच्या चर्चेचा होता, त्यामुळे त्यांच्या मांडणीकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. १९९० च्या दशकात मात्र ज्यांचे होमोसिस्टीन जास्त त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात जास्त, असे अनेक पाहण्यांत दिसू लागले.

मग गोळ्या घेतल्या की धोका टळतो का?

इथेच खरी गोम आहे. फोलिक अॅसिड, बी-१२ आणि बी-६ दिले की होमोसिस्टीन खाली येते, यात शंका नाही. पण त्यामुळे हार्ट अटॅक कमी होतात का? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्व्हिट आणि होप-२ या मोठ्या चाचण्यांत तसे दिसले नाही. होप-२ मध्ये ५,५२२ रुग्ण होते. त्यांचे होमोसिस्टीन उतरले, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि हार्ट अटॅक यांत लक्षणीय फरक पडला नाही. पक्षाघाताच्या बाबतीत थोडा फायदा दिसला. २०१५ मध्ये चीनमधील उच्च रक्तदाबाच्या २० हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, रक्तदाबाच्या औषधासोबत फोलिक अॅसिड दिल्यावर पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी झाले. तेथे धान्यात फोलिक अॅसिड मिसळण्याची सक्ती नव्हती, हेही इथे महत्त्वाचे.

याचा सोपा अर्थ असा की, गाडीच्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझवला म्हणजे इंजिन दुरुस्त झाले, असे होत नाही. होमोसिस्टीन हे बहुतेकांसाठी काहीतरी कमी पडत असल्याची खूण आहे. हृदय वाचवायचे तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि वजन यांच्याकडेच आधी पाहावे लागते.

इन्सुलिन रेझिस्टन्स आणि पुण्याचे संशोधन काय सांगते?

इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे शरीरात इन्सुलिन असूनही पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन सोडते. यातून पुढे मधुमेह, पोटाचा घेर, वाढलेली चरबी आणि हृदयविकार असा साखळीचा प्रवास होऊ शकतो. होमोसिस्टीन आणि इन्सुलिन रेझिस्टन्स अनेकदा एकत्र आढळतात, पण एकामुळे दुसरे होते असे थेट सिद्ध झालेले नाही.

या प्रश्नावर महत्त्वाचे काम पुण्यात झाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ पुरुषांची तपासणी केली. त्यांत ग्रामीण भागातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय असे तिन्ही प्रकारचे लोक होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के जणांत बी-१२ कमी आणि ५८ टक्के जणांत होमोसिस्टीन जास्त आढळले. म्हणजे आपल्याकडे हा आकडा वाढण्यामागे अनेकदा बी-१२ ची कमतरता असते.

याच गटाने पुण्याजवळच्या गावांतील गर्भवती महिला आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करायला लावणारे होते. ज्या मातांच्या शरीरात गर्भारपणात बी-१२ सर्वांत कमी आणि फोलेट सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स सर्वाधिक दिसला. लुसी विल्स यांनी ज्या दोन घटकांना वेगळे ओळखले, त्यांचा तोल बिघडला तर काय होऊ शकते, याची ही झलक आहे.

नेमके काय लक्षात ठेवावे?

होमोसिस्टीन वाढलेले दिसले तर आधी बी-१२ आणि फोलेट तपासून घ्यावे. बी-१२ कमी असताना फक्त फोलिक अॅसिड घेत राहिले तर रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण नसांचे नुकसान आतून चालू राहू शकते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांतही बी-१२ कमी होऊ शकते. अशा रुग्णांनी औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारून बी-१२ ची तपासणी करावी.

फोलेट मेथी, पालक, चवळी, हरभरा, मूग, शेंगदाणे यांतून मिळते. भाजी फार वेळ शिजवली तर ते बरेचसे नष्ट होते. बी-१२ मात्र पालेभाज्यांत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातून मिळते. गर्भवती महिलांनी मात्र हे वाचून फोलिक अॅसिडची गोळी थांबवू नये. गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक अॅसिड घेतल्यास बाळाच्या मेंदू आणि मणक्यातील जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने सिद्ध केले आहे.

लुसी विल्स यांचे पुढे काय झाले?

१९३३ मध्ये त्या पूर्णवेळ रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये परतल्या. १९३७ च्या अखेरीस काही आठवड्यांसाठी त्या पुन्हा हाफकिनमध्ये येऊन गेल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लंडनमध्येच पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केले. १९४४ मध्ये रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब पडून त्यांच्या विभागाचे काम विस्कळीत झाले. महायुद्ध संपेपर्यंत त्या तेथील पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख होत्या. रक्तविकारांचा स्वतंत्र विभागही तिथे त्यांनीच सुरू केला.

१९४७ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका इथे जाऊन त्यांनी आहार आणि रक्तक्षयाचे काम चालू ठेवले. लंडनच्या चेल्सी भागात त्या मजूर पक्षाच्या नगरसेवक होत्या. मोटारीपेक्षा सायकल त्यांना जवळची होती. लग्न त्यांनी केले नाही. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. होमोसिस्टीन आणि हृदयाचा संबंध मांडला गेला तो त्यानंतर पाच वर्षांनी.

नोबेल त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांच्या शोधाला पुढे जे नाव मिळाले, त्यात त्यांचे नाव उरले नाही. २०१९ मध्ये त्यांच्या १३१ व्या जयंतीला गुगलने डूडल केले तेव्हा अनेकांनी ते पहिल्यांदा ऐकले. ज्या महिलांवरील उपचारांतून हा शोध लागला, त्यांची नावे तर कुणालाच ठाऊक नाहीत. आज सरकारी दवाखान्यात गर्भवती महिलेच्या हातावर लोह आणि फोलिक अॅसिडची गोळी ठेवली जाते. त्या गोळीची सुरुवात मात्र याच शहरातल्या त्या बायकांच्या आजारपणातून झाली आहे.